अंधाराचं वेळापत्रक

भूकंपानंतर वीज जाते, ही गोष्ट आपण सरळ भूकंपाच्या खात्यावर टाकतो. जमीन हलली, तारा तुटल्या, केंद्रं बंद पडली, मग वीज कमी पडणारच. आणि कमी पडली की सगळ्यांनी थोडंथोडं सोसायचं. बहुतेकांचा विचार इथेच थांबतो. हुबळी-धारवाडात त्याला आणखी एक शेपूट जोडलं जातं : ‘आपल्याकडे कुठे भूकंप होतात? ते तिकडे, कोयना-किल्लारीला.’ मला हे दोन्ही समज उथळ वाटतात.

माझं म्हणणं असं, की भूकंपाच्या पोटी येणारा अंधार दोन तऱ्हेचा असतो. पहिला काही तासांचा, फार तर काही दिवसांचा, तो निसर्गाचा. दुसरा आठवडे, कधी महिने चालणारा. तो वाटपाचा, आणि वाटप माणसं करतात. त्या दुसऱ्या अंधाराची यादी भूकंपाच्या कितीतरी आधी, सगळं ठाकठीक असताना, कुठल्यातरी कचेरीत तयार झालेली असते. ती कोणी केली, कोणत्या नियमाने केली आणि ती आपल्याला पाहायला मिळते का, हे प्रश्न बाजूला ठेवून ‘वीजटंचाईला तोंड कसं द्यावं’ यावर बोलणं म्हणजे मेणबत्त्यांच्या भावावर बोलणं.

१. हादरा एका तालुक्यात, अंधार दुसऱ्या जिल्ह्यात

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. पाटण तालुक्यात कोयनानगरच्या परिसरात जमीन हादरली. तीव्रता ६.३ च्या वर. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर वसाहतीतल्या ८० टक्क्यांहून जास्त घरांची पडझड झाली, धरणाच्या उंच भागांत आडव्या भेगा पडल्या. धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा जोर गुरुत्वीय त्वरणाच्या ५ टक्के धरला होता. धरणात बसवलेल्या यंत्राने एका दिशेत ६३ टक्क्यांची नोंद केली. दख्खनचं पठार म्हणजे हलवून न हलणारा दगड, या समजुतीवर ते पाच टक्के बेतलेले होते. पुढे १९७० साली देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशातून ‘शून्य’ विभागच काढून टाकावा लागला आणि कोयनेचा परिसर थेट चौथ्या विभागात गेला.

इथपर्यंतचं सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्याच पहाटेचा दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. कोयनेची वीजनिर्मिती थांबली आणि मुंबई-पुण्याचा पुरवठा कोलमडला, कारखाने थंडावले. मुंबईच्या भिंतींना भेगा पडलेल्या नव्हत्या. हादरा पाटणला बसला आणि कारखाना दूर मुंबईत बंद पडला, कारण मधे तार होती.

आता हाच हिशेब हुबळी-धारवाडला लावा. भूकंपविषयक मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत धारवाड तिसऱ्या विभागात आहे, म्हणजे ‘आपल्याकडे काही होत नाही’ हे कागदावरही खरं नाही. पण ते घटकाभर सोडून देऊ. आपली वीज येते कुठून? काळी नदीवरच्या नागझरी वीजगृहातून, कारवारजवळच्या कैगा अणुकेंद्रातून, विजयपूर जिल्ह्यातल्या कूडगीच्या २,४०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रातून, रायचूरहून, गदगकडच्या पवनचक्क्यांतून. धारवाडला खेटून असलेल्या नरेंद्र गावचं ४०० केव्हीचं उपकेंद्र हा या सगळ्याचा मोठा चौक. शिवाय ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी. घाटात, किनाऱ्यावर किंवा त्याहून लांब कुठे जमीन हलली, तर हुबळीच्या दुर्गदबैलातले दिवे त्याची दखल घेऊ शकतात.

यावर एक रास्त उत्तर आहे. तार जशी संकट आणते तशी मदतही आणते. १९६७ साली कोयनेला शेजारी फार थोडे होते. आज कोयनेची सगळी मिळून दोन हजार मेगावॅटच्या आतबाहेरची क्षमता एकदम बंद झाली, तरी देशाचं जाळं ती खोट सोसेल. मान्य. पण म्हणून प्रश्न संपत नाही, जागा बदलतो.

२. मेगावॅट असतात, पोचत नाहीत

वीजटंचाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रिकामं धरण किंवा कोळसा संपलेलं केंद्र येतं. पण खोट तारेतही असू शकते. २१ सप्टेंबर १९९९ च्या मध्यरात्रीनंतर तैवानमध्ये ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. बेटाच्या मध्यावर असलेलं चुंगल्याओचं मोठं उपकेंद्र आणि त्याच्या वाहिन्या खिळखिळ्या झाल्या. दक्षिणेकडे वीज होती, उत्तरेकडे मागणी होती, मधला दुवा गळाला. उत्तर तैवानात आळीपाळीने वीज तोडण्याची पाळी आली ती निर्मिती कमी होती म्हणून नव्हे. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ ला कच्छच्या भूकंपात उपकेंद्रांच्या नियंत्रण कक्षांच्या इमारतीच कोसळल्या. कोट्यवधींची यंत्रं बसवायची आणि ती चालवणारा माणूस व रिले पॅनेल मात्र साध्या विटांच्या खोलीत ठेवायचे, ही आपली जुनी सवय. उच्च दाबाच्या उपकरणांवरची चिनी मातीची बुशिंगं आणि इन्सुलेटर भूकंपात पहिल्यांदा मोडतात, हे जगभर दिसून आलं आहे. आणि तो माल शेजारच्या दुकानात मिळत नाही.

दुसरी गत अशी, की मोडतोड फारशी नसते तरी केंद्र बंद राहतं. जुलै २००७ मध्ये जपानच्या काशिवाझाकी-कारिवा इथल्या भूकंपानंतर आठ हजारांहून अधिक मेगावॅटचं अणुकेंद्र थांबलं. पहिली भट्टी पुन्हा चालू व्हायला २००९ उजाडलं, कारण भूकंपानंतर भट्टी तपासल्याशिवाय कोणी सुरू करत नाही आणि करूही नये. कैगाच्या ८८० मेगावॅटबद्दल बोलताना हे ध्यानात ठेवावं : इजा थोडी, अंधार लांबलचक.

आणि ११ मार्च २०११. ९.० तीव्रतेचा भूकंप, त्सुनामी, फुकुशिमा. पूर्व जपानात वीज तोकडी पडली, पश्चिम जपानात होती. पण पूर्वेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झ आणि पश्चिमेची ६०. एकोणिसाव्या शतकात यंत्रं दोन वेगवेगळ्या देशांतून मागवली, त्याचा हा वारसा. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या परिवर्तकांची क्षमता जेमतेम हजारभर मेगावॅट. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खरेदीने २०११ चा अंधार ठरवला. या एका बाबतीत आपण जपानहून बरे आहोत, सगळा देश ५० हर्ट्‌झवर चालतो.

तेव्हा ‘वीज कमी आहे’ या वाक्यावर समाधान मानू नये. कुठे कमी आहे, कोणत्या तारेवर, किती दिवस, हे विचारावं. उत्तर मिळालं की लगेच पुढचा प्रश्न येतो : मग तोडायची कोणाची?

३. यादी आधीच लिहिलेली असते

जाळ्यातून मोठं केंद्र अचानक निसटलं की फ्रिक्वेन्सी घसरते. ती ठरावीक पातळीखाली गेली की उपकेंद्रांतले रिले आपोआप काही फीडर (एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या) तोडतात, म्हणजे बाकीचं जाळं वाचतं. हे सेकंदांत होतं. तिथे कोणी माणूस विचार करत बसत नाही. पण कोणते फीडर तुटायचे, हे रिलेला कोणीतरी आधी सांगून ठेवलेलं असतं. सप्टेंबर २०१८ मध्ये जपानच्या होक्काइदो बेटावर भूकंपानंतर तोमातो-आत्सुमाचं १,६५० मेगावॅटचं कोळसा केंद्र बंद पडलं आणि अशी तोड करूनही सगळं बेट, २९ लाखांहून जास्त ग्राहक, अंधारात गेलं. म्हणजे यादी हवीच, आणि ती पुरेशी लांबही हवी. वाद यादी असावी की नसावी हा नाही. त्या यादीत कोण, हा आहे.

पहिले तास ओसरले की दुसरी यादी येते, आळीपाळीची. ती करण्याचे नियम पाहिले की माणसांची किंमत कळते. मार्च २०११ मध्ये तोक्योच्या वीज कंपनीने आपला भाग पाच गटांत वाटला आणि साधारण तीन-तीन तास वीज तोडण्याचं वेळापत्रक काढलं. त्यातून मध्य तोक्योचे २३ वॉर्ड जवळजवळ सगळे वगळले. बसलं ते आजूबाजूच्या जिल्ह्यांना. फुकुशिमाची ती अणुवीज फुकुशिमाकर वापरतच नव्हते, ती तोक्योकडे जात होती. कोयनेचंही तेच : खोऱ्यातली घरं पडली, वीज मात्र मुंबईची.

महाराष्ट्रात २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत भूकंप नव्हता, तुटवडा होता. तिथे गट पाडले ते गळती आणि बिलवसुली किती, यावर. जिथे वसुली चांगली तिथे अंधार कमी, जिथे वाईट तिथे जास्त. मुंबई या सगळ्यातून बाहेरच राहिली. पुण्याने २००६ मध्ये वेगळी वाट काढली : उद्योगांनी गर्दीच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवायचे, वाचलेली वीज शहराला द्यायची आणि जादा खर्च ग्राहकांनी थोड्या वाढीव दराने सोसायचा. योजना डोकेबाज होती आणि चाललीही. फक्त एवढं नमूद करायला हवं, की ज्यांना पैसे मोजता आले त्यांनी अंधार टाळला. मावळ-मुळशीतल्या वाड्यांना असा पर्याय कोणी विचारला नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण नेपाळचं. तिथे वर्षानुवर्षं दिवसाला १६-१८ तासांपर्यंत लोडशेडिंग असे, आणि ते देशाच्या गरिबीचं, पाण्याचं, २०१५ च्या भूकंपाचं फळ म्हणून लोकांनी पचवलेलं होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये वीज प्राधिकरणाची सूत्रं कुलमान घिसिंग यांच्याकडे आली आणि त्याच वर्षी तिहारला, म्हणजे तिथल्या दिवाळीला, काठमांडूचं लोडशेडिंग थांबलं. भारतातून वीज आयात वाढली होती, हे खरंच. एकट्या माणसाची जादू म्हणून ही गोष्ट सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण सामान्य घरं अंधारात असताना काही उद्योगांना खास फीडरवरून अखंड वीज जात होती, हेही तेव्हाच उजेडात आलं, आणि त्या बिलांचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. इतकी वर्षं जे आभाळातून पडलं असं वाटत होतं, त्यातला मोठा वाटा टेबलावर ठरत होता.

हुबळीचंही या विषयात एक जुनं नाव आहे, ते फक्त वकिलांना माहीत असतं. गावाला वीज देणाऱ्या खासगी हुबळी इलेक्ट्रिसिटी कंपनीचा परवाना मुंबई प्रांताच्या सरकारने रद्द केला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. कंपनीने कामात कसूर केली की नाही, याबाबत कायद्याला सरकारचं मत अपेक्षित आहे, ते मत बरोबर होतं का हे न्यायालय तपासणार नाही, असा निकाल लागला. प्रशासकीय कायद्याच्या पुस्तकांत तो आजही शिकवतात. भांडण सरकारचं आणि कंपनीचं. ज्याच्या घरातला दिवा जात होता तो हुबळीकर त्यात कुठेच नाही.

२००३ चा वीज कायदा या बाबतीत पुष्कळ पुढे आहे. कलम ५७ सेवेची मानकं ठरवायला सांगतं. कलम ११ असाधारण परिस्थितीत, आणि त्यात नैसर्गिक आपत्ती आलीच, सरकारला निर्मिती केंद्रांना आदेश देऊ देतं; ऑक्टोबर २०२३ च्या दुष्काळात कर्नाटक सरकारने त्याचा वापर केला, त्याच सुमारास शेतपंपांची थ्री फेज वीज सात तासांवरून पाचवर आली. आणि कलम २३ वीज आयोगाला समन्यायी वाटपासाठी पुरवठ्याचं नियमन करण्याचा अधिकार देतं. शब्द कायद्यात आहेत. संकट आल्यावर त्यांचा अर्थ लावत बसायचं, की आधी लावून ठेवायचा?

४. पहिला फीडर पाण्याचा

समन्याय म्हणजे सगळ्यांना सारखे तास, असं पटकन वाटतं. हुबळी-धारवाडात तो हिशेब पहिल्याच दिवशी फसेल. या जुळ्या शहरांचं पाणी मुख्यतः सवदत्तीजवळच्या मलप्रभेच्या जलाशयातून येतं, अम्मिनभावीला शुद्ध होतं आणि चढावरच्या शहरात पंपांनी आणलं जातं. २००८ पासून काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. बाकी शहराने पाणी कायम पाळीनेच ओळखलं आहे, काही-काही दिवसांच्या अंतराने.

ज्या गल्लीत पाळी असते तिथलं चित्र बघा. वॉल्व्हमन येऊन जातो. नळाला धार धरते, पण ती जमिनीतल्या संपापर्यंतच. गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटर लागते. त्याच तासाला लाईट गेली, की खालच्या घरातली बाई बादलीने संप उपसते, दुसऱ्या मजल्यावरचे लोक घागरी घेऊन जिन्यात उभे, आणि वीज परत येईपर्यंत पाळी पुढच्या गल्लीत गेलेली. आता यात वरून सवदत्तीच्या पंपांची वीज तोडली गेली तर? चार तासांचा खंड म्हणजे चार तास उशीर नव्हे. टाक्या भरायला, दाब धरायला वेळ लागतो आणि सगळ्या शहराच्या पाळ्या पुढे सरकतात. घरात बारा तास दिवा नसला तरी माणूस निभावून नेतो. पाण्याची पाळी दोन दिवसांनी चुकली, की विद्यानगरपासून मराठा गल्लीपर्यंत टँकरमागे धावाधाव.

म्हणून क्रम तासांच्या समानतेवर लावू नये, एक फीडर गेला तर आणखी काय-काय बंद पडतं यावर लावावा. पाणीउपसा आणि शुद्धीकरण, सरकारी रुग्णालय, मोबाइल टॉवर, काही ठरावीक डिझेल पंप. (जनरेटर आहे म्हणून निर्धास्त असलेल्यांनी एवढं आठवावं, की पेट्रोल पंपावरचं डिझेलही विजेवरच वर येतं.) त्यानंतर घरं. त्यानंतर गोकुळ रोड, तारिहाळ, बेलूरचे कारखाने, पण त्यांना आधी सांगून.

‘आधी सांगून’ या दोन शब्दांत किती ताकद आहे, हे जपानने २०११ मध्येच दाखवलं. मार्चमधली तोड रात्री जाहीर होऊन सकाळी लागू झाली. लोकलगाड्या रद्द, लोक फलाटांवर, आणि पहिल्या गटाची वीज तर तोडलीच नाही. उन्हाळ्यात त्यांनी पद्धत बदलली. ५०० किलोवॅटवरच्या मोठ्या ग्राहकांना गर्दीच्या वेळी १५ टक्के कपात कायद्याने बंधनकारक केली. मोटार कारखान्यांनी गुरुवार-शुक्रवार सुटी घेऊन शनिवार-रविवारी काम केलं. त्या उन्हाळ्यात तोक्यो परिसरात आळीपाळीची तोड करावी लागली नाही. त्यातही फुकट काही नव्हतं. रविवारी कामावर जाणाऱ्या आयांनी मुलं कुठे ठेवायची, हा प्रश्न उरलाच.

५. इन्व्हर्टरचं समाधान

मध्यमवर्गाकडे या सगळ्यावर एक तयार उत्तर असतं : इन्व्हर्टर घ्या, सोलर बसवा. पहिल्याबद्दल. लांबलेल्या खंडानंतर लाईट येते तेव्हा एका टीसीवरची, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरची, सगळी घरं एकदम जागी होतात. फ्रिज, मोटरी, गीझर, आणि रिकाम्या झालेल्या बॅटऱ्या चार्ज करणारे इन्व्हर्टर. नेहमी हा भार आळीपाळीने येतो. आता एकाच मिनिटाला येतो आणि वीज जाण्यापूर्वी होता त्याहून जास्त होतो. खांबावरचा डीओ फ्यूज उडतो. लाइनमन पुन्हा खांबावर. लोक म्हणतात, पाच मिनिटं दिली आणि परत काढली. कोणी काढलेली नसते. आपणच ती एका घोटात ओढलेली असते. वीज आल्यावर दहा मिनिटं जड उपकरणं बंद ठेवा, एवढं कोणी सांगितलं आणि लोकांनी ऐकलं, तर कित्येक टीसी वाचतील.

सोलरची गंमत वेगळी. छतावरचं नेहमीचं ग्रिडला जोडलेलं सोलर वीज गेली की स्वतःहून बंद होतं. तसं व्हायलाच हवं, नाहीतर बंद समजून तारेवर काम करणारा लाइनमन मरेल. म्हणजे भर उन्हात छतावर तीन किलोवॅटचे पॅनेल आणि खाली पंखा बंद. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आल्यापासून हे पॅनेल वाढत आहेत. जपानमध्ये २०११ ला पुष्कळ घरांना तेव्हाच कळलं, की त्यांच्या सोलर यंत्राला १,५०० वॅटपर्यंतचा एक स्वतंत्र सॉकेट आहे, ग्रिड नसतानाही चालणारा. आपल्याकडे अनुदान देताना अशा सोयीचा आग्रह धरला, तर निदान गल्लीतले मोबाइल आणि एखादं नेब्युलायझर तरी चालेल.

६. आक्षेप

पहिला : बिल न भरणाऱ्यांना आधी अंधार का नको? रोजच्या तुटवड्यात वसुलीवर आधारलेल्या गटांनी काही ठिकाणी शिस्त आणली असेल, ते मी नाकारत नाही. पण फीडर माणूस ओळखत नाही. थकबाकीदाराबरोबर त्याच तारेवरचा नियमित भरणाराही तुटतो. भूकंपानंतर तर जुनी थकबाकी आणि आजचा अंधार यांचा संबंध लावणं म्हणजे आगीचा बंब पाठवण्याआधी घरपट्टीची पावती मागणं.

दुसरा : अभियंत्यांना त्यांचं काम करू द्या, संकटात चर्चा कसल्या? बरोबर, संकटात चर्चा नको. म्हणूनच ती आज हवी. किती मेगावॅट तोडायचे हे अभियंता सांगेल आणि तेच त्याने सांगावं. डायलिसिसचं केंद्र आधी की शीतगृह, हे त्याच्या गळ्यात बांधणं त्याच्यावरही अन्याय.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार, आणि त्याचं माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. यादी जाहीर केली की प्रत्येक नगरसेवक आपला वॉर्ड वगळायला धावेल, रुग्णालयाच्या फीडरवर शेजारची बारा मंगल कार्यालयं जोडून घेतली जातील, जमीनवाले जाहिरातीत ‘लोडशेडिंगमुक्त फीडर’ छापतील. होईल, हे सगळं होईल. पण यादी गुप्त ठेवल्याने हे थांबतं, असं नेपाळचा अनुभव सांगत नाही. तिथे खास फीडर गुप्त असतानाच वाटले गेले. फरक एवढाच, की उघड यादीवर महापालिकेच्या सभेत आरडाओरडा होतो आणि तो इतिवृत्तात नोंदला जातो. सुरुवात लहान करता येईल. हुबळीत मुख्यालय असलेल्या हेस्कॉम या वीज कंपनीच्या मासिक बिलावर ग्राहकाच्या फीडरचं नाव, तो टंचाईत कोणत्या गटात मोडतो आणि वर्षातून एकदा त्या गटाची तालीम कधी, एवढ्या तीन ओळी छापाव्यात. तालीम पाण्याच्या पाळीच्या दिवशी ठेवावी; अम्मिनभावीचे पंप चालू असताना बाकी शहर तोडून दाखवता येतं का, ते त्याच दिवशी कळेल.